डोमाजी हवालदाराचा डावा गाल

आमच्या पोलीस लाईनीत नागपूरचं मराठी वर्तमानपत्र एकच यायचं, तेही दोन दिवस शिळं होऊन, आणि वाचायच्या आधी ते डोमाजी हवालदाराच्या गालावर लागायचं. दाढी करताना कापलं की माणसं कागदाचा कपटा चिकटवतात ना, तसं. मी वाचायला शिकले ती त्याच वर्तमानपत्रावर, घरच्या घरी, अक्षराला अक्षर जोडून. पण त्याचे कोपरे कायम फाटलेले. त्यामुळे त्या काळातल्या पुष्कळ बातम्या मला अर्ध्याच माहीत आहेत. कोण निवडून आलं ते ठाऊक आहे. कुठून आलं ते गालावर गेलं.

परवा इथे भिलाईत, वैशाली नगरात शेजारची पोलिसातली पोरगी सांगत होती की, काही वाईट पाहून आलं की आता त्यांच्याशी बोलायला एक बाई येते. मन मोकळं करून घेते. मी म्हटलं, चांगलं आहे बाई, पण वस्तरा कोणाच्या हातात असतो?  पोरीला वाटलं, आजीचं डोकं गेलं. म्हणून हे लिहायला बसले.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. चहूकडे लाल मुरूम, धूळ, आणि साऱ्या मुलखातून आलेली माणसं. पंजाबी, तेलुगू, बंगाली, मल्याळी. सुपेलाच्या बाजारात कारखान्याच्या रशियन इंजिनिअरांच्या बाया उघड्या हातांचे फ्रॉक घालून वांगी निवडायच्या आणि आमचे सिपाही वांग्यांचा बंदोबस्त करायला जायचे. चौकी पत्र्याची, तिच्या मागे आमची दोन ओळींची लाईन, तीही पत्र्याची. मराठी घरं दोनच, डोमाजींचं आणि आमचं. राज्य फुटलं तेव्हा नागपूर तिकडल्या बाजूला, मुंबई राज्यात गेलं आणि हे भंडारा-नागपूरचे दोघं कागदावर इकडेच, मध्य प्रदेशात राहून गेले.

डोमाजी आमच्याच समाजाचे, पवनीकडचे. दीक्षा घेऊन आलेले, घरात बुद्धाची तसबीर आणि तसबिरीखाली वस्तऱ्याची पेटी. तोंडावर मी त्यांना मामाजी म्हणायची, सासऱ्याला म्हणतात तसं, आणि त्यांच्या बायकोला, भागाबाईला, आत्याबाई. माझी खरी सासू असती तर इतकं बोलणं मी ऐकून घेतलं नसतं, जितकं भागाबाईचं ऐकलं.

दिसायला डोमाजी म्हणजे पट्ट्याच्या वर पोट आणि पोटाच्या वर हसू. उजव्या बाजूनं पाहिलं तर गाल असा गुळगुळीत, की साहेबानं लाजावं. डाव्या बाजूनं पाहिलं तर वाटावं, माणूस मांजरीशी भांडून आला आणि मांजर जिंकली. भागाबाई सगळ्यांच्या देखत म्हणायची, "याच्या थोबाडावर अख्खी चौकी सही करून गेली. आता फक्त ठाणेदाराचा शिक्का बाकी आहे."

आता हे सही प्रकरण सांगते.

चोर पकडायचं काम तेव्हा आमच्या चौकीला कमीच. चोरायला होतं काय? लोखंड. ते उचलायला क्रेन लागायची. खरं काम म्हणजे मेलेल्या माणसाजवळ बसणं. कोणी नाल्यात पडलेला, कोणी रुळावर, कोणाच्या झोपडीत चुलीचा भडका, कोणाला साप. गाडी येईपर्यंत, डॉक्टर येईपर्यंत, एक सिपाही तिथे काठी घेऊन बसणार. कुत्री हाकलायची, माशा हाकलायच्या आणि नातेवाईक सापडले तर त्यांना सांगायचं. वीस-बावीस वर्षांची पोरं ती. घरी येऊन जेवायला बसायची आणि ताटाकडे पाहत राहायची.

ठाणेदाराकडे यावर औषध एकच. "मर्द बनो." एकदा डोमाजींनी तोंडावर सांगितलं, "साहब, मर्द तो ये पहले से है. वही तो बीमारी है."

काही पोरं मोहाची दारू जवळ करायची. डोमाजी त्यावर चिडायचे नाहीत. म्हणायचे, "दारू पिऊन सांगतलेली गोष्ट सकाळी पुन्हा सांगा लागते. डबल मेहनत आहे." पण त्या पोराला "काय झालं?" म्हणून कधी विचारायचे नाहीत. त्यांचा प्रश्न एकच: "दाढी झाली काय बे?"

त्याची दाढी नव्हे. डोमाजींची.

एरवी ते स्वतःची दाढी स्वतः करायचे आणि झकास करायचे. पण कोणी असं काही पाहून आला की दुसऱ्या सकाळी डोमाजी आपल्या क्वार्टरमागे मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली बादली पालथी घालून बसायचे, गालाला साबण लावायचे, सरकारी पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावायचे आणि वस्तरा त्या पोराच्या हातात द्यायचे. नियम एवढाच, की ज्याच्या हातात वस्तरा तो बोलणार. ज्याच्या गळ्याशी वस्तरा तो गप्प बसणार. आणि गप्प बसावंच लागतं हो. बोललं की जबडा हलतो, जबडा हलला की रक्त.

हे ते शिकले कुठे? गावात. त्यांच्या गावचा न्हावी आमच्या माणसांच्या गालाला हात लावत नसे. म्हशी भादरायचा, आमची माणसं नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी वस्तीतली माणसं निंबाखाली बसून एकमेकांची दाढी करायची. डोमाजींनी लहानपणी पाहिलेलं, की जी गोष्ट काका घरात बोलत नाही, पंचात बोलत नाही, ती बापाच्या गालावर वस्तरा चालवताना बोलतो. नजर गालावर असते ना, माणसाच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. आणि समोरचा मधे तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, "माझ्या वेळी तर" म्हणत नाही. डोमाजी म्हणायचे, "त्या न्हाव्याचे लय उपकार आहेत. त्यानं आमाले हात लावला असता तर आमी मुकेच राह्यलो असतो."

भिलाईत पॉवर हाऊसजवळ झाडाला आरसा टांगून बसणारा न्हावी कोणाचीही दाढी करायचा. इतकी माणसं रांगेत, की त्याला जात विचारायला फुरसत नव्हती. पण डोमाजी त्याच्याकडे गेले नाहीत.

डावा गाल कापला जायचा त्याचं कारण सोपं. सुरुवात डाव्या गालापासून. तेव्हा पोराचा हात थरथरत असे. बोलता बोलता हनुवटी यायची आणि उजव्या गालापर्यंत पोचता पोचता हात स्थिर झालेला असे. त्यामुळे पोरगा बोलला का नाही, हे भागाबाई कोणाला विचारत नसे. डोमाजी आत आले की त्यांची हनुवटी धरून तोंड वळवायची आणि उजवा गाल बघायची. कोरा असला की म्हणायची, "झालं," आणि भात वाढायला घ्यायची.

पहिला अस्सल तमाशा पांडे सिपाह्याचा. पांडे बनारसकडचा, जानवं कानाला लावल्याशिवाय शिंकायचा नाही. नाल्यात सापडलेल्या एका माणसापाशी तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसला होता, आणि त्या माणसाचा चेहरा त्याच्या गावाकडल्या भावासारखा. चार दिवस अन्न नाही. डोमाजींनी वस्तरा पुढे केला तर हा दोन पावलं मागे. "हवलदार साहब, हम बाम्हन आदमी. हमसे हजामत करवाओगे? और वो भी..." पुढचं गिळलं त्यानं.

"वो भी मेरी," डोमाजींनी पुरं करून दिलं. "हजामत मत करो पांडेजी. मेरे गाल का पंचनामा करो."

पांडेनं पंचनामा केला. नऊ कपटे लागले, तुरटीचा खडा अर्धा झाला आणि डोमाजींची डावी मिशी जी गेली ती दिवाळीपर्यंत उजवीच्या बरोबरीला आली नाही. मग पांडेनं डोक्यावर दोन बादल्या ओतल्या, शुद्ध झाला, आणि शुद्ध होऊन लगेच भागाबाईच्या हातचा भात आणि मुनग्याच्या पाल्याची भाजी तीनदा मागून खाल्ली. पुन्हा बाटलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. भागाबाईच्या आलं होतं. ती म्हणाली, "पांडेजी, और लेव. अब तो जो होना था वो हो गया."

नंतर नंतर तर तो सासू राहायला आली तरी वस्तरा मागायला यायचा. डोमाजी हाकलायचे, "सासूसाठी गाल नाही देत मी."

एकदा कोणी मोठे पाहुणे कारखाना पाहायला येणार होते. चौकीला चुना लागला, दगडांना चुना लागला, एका शेळीलाही लागला, ती मधे आली म्हणून. ठाणेदार रांग तपासत आला तो डोमाजींपाशी थांबला. आदल्या आठवड्यात रुळावर दोन अपघात झालेले, म्हणजे गालावर तीन कपटे. "ये क्या अखबार की दुकान लगा रखी है?" म्हणाला आणि त्यांना पाण्याच्या टाकीमागे उभं केलं, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. संध्याकाळी डोमाजी घरी आले. भागाबाईनं विचारलं, "पाह्यले का पाव्हने?"

"नाही. टाकीले सलामी ठोकून आलो. लय शिस्तीची आहे, जराशी हलली नाही."

आता आमच्या यांचं सांगते. यांचं नाव नामदेव. तेव्हा मी नाव घेत नव्हते, आता घेते, आता कोण रागावणार? डोमाजींच्या हाताखाली हे सिपाही. आमचं लग्न होऊन वर्ष झालेलं. बडबड्या माणूस. ड्यूटीवर निघताना दारातून "येतो" म्हणायचे, मग सायकलला टांग मारताना "येतो बरं", मग कोपऱ्यावरून घंटी. मी एकदा म्हटलंही, निघा ना आता, किती येता!

एक दिवस नंदिनीच्या खाणीवरून डाक घेऊन परतले ते अंगणात बसून बूट धूत राहिले. पाण्याच्या तीन बादल्या संपल्या. मी म्हटलं, "अवं, बुटाचं कातडं निघून जाईन." यांनी दुसरा बूट ओढला. नंतर पांडेकडून कळलं. नंदिनीच्या रस्त्यावर मजुरांनी भरलेला ट्रक बैल आडवा आला म्हणून वळवता वळवता उलटला, आणि तिथे पहिले पोचले ते हे. एकटे, सायकलवर.

त्या दिवसापासून माणूस घरात असून नव्हता. जेवायचे, ड्यूटीला जायचे. पण जाताना "येतो" नाही. मी दाराशी उभी राहायची, हे टोपी घालून सरळ निघून जायचे, जसं काही मी खुंटी आहे. आठ दिवसांनी ट्रंकेत कागद सापडला. तेव्हा मला जोडून जोडून वाचता यायचं. 'महोदय' वाचायला बराच वेळ लागला. 'राजीनामा' लगेच वाचला. पहिल्या तारखेला द्यायचा असं वर लिहिलेलं. राजीनामा म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे ज्यांच्या शेतातून आमच्या माणसांनी पाठ सरळ करून पाय बाहेर काढला, त्यांच्याच शेतात पुन्हा वाकणं. पण खरं सांगू? मला गावाची तेवढी भीती नव्हती. मला भीती होती, की हा असाच मुका माणूस मी जन्मभर सांभाळणार.

मी भागाबाईकडे रडत गेले. डोमाजी भाजी निवडत होते, त्यांना ते काम आवडायचं. म्हणाले, "मी त्याले दोनदा विचारलं सुनबाई, दाढी झाली काय म्हणून. तो म्हनते, तुमची तुमी करा."

"मंग धरून आना ना त्याले," भागाबाई म्हणाली.

"धरून आनलेल्या मानसाच्या हातात वस्तरा देऊ? गळा माह्या आहे, तुह्या नाही."

दुसऱ्या दिवसापासून डोमाजींनी दाढी करणं बंद केलं.

स्वतःचीही नाही. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. पाचव्या दिवशी पांढरे खुंट असे उभे राहिले, की वर्दीतला हवालदार आणि देवळाबाहेरचा बैरागी यांत फरक फक्त पट्ट्याचा. ठाणेदार ओरडला, "ये क्या है डोमाजी?"

"साहब, मेरी दाढी करनेवाला छुट्टी पर है."

"कौन?"

"नामदेव."

"नामदेव तो ये सामने खड़ा है!"

"खड़ा है साहब. मगर छुट्टी पर है."

ठाणेदार काही अगदीच दगड नव्हता. त्यानं एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा डोमाजींकडे. पण ओरडलं तर पाहिजे. म्हणाला, रविवारपर्यंत दाढी साफ नाही झाली तर वरती लिहून पाठवतो. डोमाजींची नोकरी तीन वर्षं राहिलेली. इतक्या वर्षांत कागदावर एक डाग नव्हता. सारे डाग गालावरच होते.

मग काय, अख्खी चौकी यांच्यामागे. मुंशी येऊन सांगून गेला. पांडे हात जोडून आला, "भैया, कर दो. बुड्ढे की नौकरी खा जाओगे क्या?" भागाबाई तर कमरेवर हात ठेवून आमच्या दारात: "नामदेवा, हा बुढा अस्वल झाला. रातच्याले मले भेव लागते. तुले नोकरी सोडाची तर सोड ना बाप्पा, पन जाच्या आधी माहा नवरा मले परत कर."

रविवारी सकाळी हे उठले आणि रागानं पाय आपटत गेले. "मी काही न्हावी आहो का?" असं तिकडे जाऊन म्हणाले, ते मी कुंपणाआडून ऐकलं.

"नाही ना," डोमाजी म्हणाले. "म्हनूनच बलावलं. न्हावी असता तर तू आला नसता."

भागाबाई आणि मी मागच्या दाराच्या आत मुनग्याचा पाला ओरपत बसलो. तिच्या मांडीवर पळी. दाढी चालू असताना कोणी तिकडे जाऊ लागला की ती पळी उगारायची. मला फक्त यांची पाठ दिसत होती आणि उजवा कोपर. कोपर असा हलत होता, जसं दळण दळताना जातं हलतं. मी मान वर केली तर भागाबाईनं पळी माझ्याकडे वळवली. "पाहू नको तिकडे. बाई पाहून राह्यली का मानूस मर्द होते."

म्हणून मी पाल्याकडे पाहत बसले. तिनं मग हळूच सांगितलं, "लग्नाच्या तिसऱ्या वर्षी हा असाच एक दिवस घरी आला, सिपाही होता तवा. मले म्हने, पानी तापव. नदीवरून आला होता, एवढंच मले मालूम. काय पाह्यलं ते आजपर्यंत नाही सांगतलं. साऱ्यायचं ऐकते. पन दुसऱ्याच्या गालाले वस्तरा लावत नाही. कावून, तर लावला का बोला लागते."

साबण वाळला. डोमाजींनी पुन्हा लावला, पुन्हा वाळला. ऊन झाडावरून बादलीवर आलं. आणि मग यांचा आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, लांबच्या गिरणीसारखी नुसती घरघर. मध्ये थांबायची, पुन्हा चालू. केव्हातरी मी चोरून पाहिलं तर कोपर हलत नव्हता. वस्तरा सरळ वरून खाली येत होता.

डोमाजी आत आले. डाव्या गालावर रक्ताच्या सहा रेघा. भागाबाईनं हनुवटी धरली, तोंड वळवलं. उजवा गाल कोरा.

"झालं," ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागली. भात मी वाढला.

यांनी त्या दिवशी मला सगळं सांगितलं. ट्रकच्या फळीखाली एक छत्तीसगढी बाई अडकली होती, ती तेवढी शुद्धीवर. तिनं यांच्या सदऱ्याची बाही धरली, म्हणाली, "झन जा बाबू." जाऊ नको. यांच्या एकट्यानं फळी उचलेना. म्हणून हे म्हणाले, "रुक, अभी आया," बाही सोडवून घेतली आणि शेतातली माणसं आणायला पळाले. सब्बल, म्हणजे पहार, घेऊन, चार माणसं घेऊन परत आले, तेव्हा ती गेली होती. "येतो" हा शब्द त्यानंतर यांच्या तोंडातून निघेना.

मी विचारलं, "मग मामाजी काय म्हणाले?"

दाढी होईपर्यंत काही नाही, नियमच तो. तोंड धुतल्यावर म्हणाले, "तू येतो म्हनला अन् तू आला. लोक नाही येत बे, मी लय पाह्यले. तू सब्बल घिऊन आला. तिच्यानं थांबनं नाही झालं, एवढीच गोष्ट आहे." मग आरशात पाहून लगेच, "अन् मिशी कावून कापली, भडव्या?"

राजीनाम्याचा कागद यांनीच फाडला, चांगले बोटाएवढे तुकडे करून, आणि डोमाजींच्या पेटीत नेऊन टाकला. वर्तमानपत्र आलं नाही तर उपयोगी पडेल म्हणून. महिनाभरानं डोमाजींच्या गालावर 'महोदय' चिकटलेलं मी स्वतः वाचलं. या वेळी झटकन वाचलं. आणि यांचं म्हणाल तर सोमवारी दारात टोपी घालून थोडे थांबले. टोपी काढून पुन्हा घातली. "येतो," म्हणाले. मी "या" म्हटलं आणि आत जाऊन चुलीत विनाकारण फुंकर मारत बसले.

एका दिवसात माणूस बरा झाला असं नाही. झोपेत दचकायचे. नंदिनीचा रस्ता आला की सायकल हातात धरून चालत जायचे. वर्षभरात पाच-सहा वेळा तरी वस्तरा मागायला गेले. मग हळूहळू नव्या पोरांना हेच मुनग्याखाली घेऊन जायला लागले.

तीन वर्षांनी डोमाजी रिटायर झाले. पवनीला जायचं ठरलं. बोजा बांधला, पेटी तेवढी वर. निघायच्या सकाळी हे त्यांच्या क्वार्टरमागे गेले, बादली पालथी घातली आणि स्वतःच त्यावर बसले. स्वतःच्या गालाला साबण लावला. डोमाजी दारात आले आणि थबकले.

"हे काय करून राह्यला बे?"

"दाढी झाली नाही माझी," हे म्हणाले आणि वस्तरा पुढे धरला.

"मले सवय नाही. कापन मी तुले."

"कापा."

"गाडी आहे माही."

"दुपारची आहे."

डोमाजींनी भागाबाईकडे पाहिलं.  तिनं बांधलेल्या बोजातून पळी ओढून काढली आणि मागच्या दारात जाऊन बसली. मी तिच्याशेजारी. निवडायला पाला नव्हता, तर आम्ही दोघी नुसत्याच पायांच्या बोटांकडे पाहत बसलो. किती वेळ काही ऐकू आलं नाही.  म्हटलं, हा माणूस आता वस्तरा ठेवून देणार, थट्टा करणार आणि उठणार. भागाबाई पळी उलटीसुलटी करत होती.

मग डोमाजींचा आवाज आला. इतका बारीक, की मला वाटलं दुसरंच कोणी आहे.

हे घरी आले तेव्हा डाव्या गालाची चाळण झाली होती. पांडेनं केलेल्या पंचनाम्याहून वाईट. मी कपटे लावायला घेतले आणि हनुवटी धरून तोंड वळवलं. उजवा गाल कोरा. फक्त कानाखाली बोटभर जागा तशीच राहिलेली, खुंट जसेच्या तसे.

"काय बोलले?" हे माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. यांनीही पुढे कधी सांगितलं नाही.

दुर्गच्या फलाटावर अख्खी चौकी आली. पांडेनं यांचं तोंड पाहिलं, डोमाजींचं पाहिलं, आणि म्हणाला, "आज उल्टा कैसे?"  भागाबाई डब्यात बसून सामान मोजत सगळ्यांना शिव्या देत होती, म्हणजे तिचं बरं चाललं होतं. डोमाजी खिडकीशी बसले, फलाटाकडे डावा गाल करून. मी पहिल्यांदा तो गाल कागदाशिवाय पाहिला. जुन्या रेघाच रेघा, पण ताजी एक नाही. त्यांनी हात बाहेर काढून यांच्या कानाखाली अंगठा फिरवला.

"अबे, हे राह्यलं."

"राहू द्या," हे म्हणाले. "ते पुढच्या खेपेले."

डोमाजींचं पोट हललं, म्हणजे हसले. गाडी सुटली. "येतो," म्हणाले, मग थोडं पुढे गेल्यावर मान बाहेर काढून, "येतो बरं."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

घरी परतताना मी यांना म्हटलं, "कानाखालचं तेवढं काढून टाका आता. ठाणेदार उद्या ओरडेल."

"ओरडू दे," हे म्हणाले. "ते येतो म्हणालेत."